मदत हवी आहे: कृषी पर्यटन केंद्रावरच्या पाट्यांवर नेमकं काय लिहावं?

नमस्कार मंडळी. केंद्रासाठी नव्या पाट्या करायच्या आहेत. 'पर्यावरणपूरक', '१०० टक्के नैसर्गिक' असे शब्द नकोत, कारण पाहुणा स्वयंपाकघरात डोकावतो आणि त्याला सिलिंडर दिसतो. २ घनमीटरच्या बायोगॅसला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. थंडीत गॅस आणखी कमी. वीस पाहुणे आले की सिलिंडर लागणारच. म्हणून पाटी अशी ठरवली आहे: 'सकाळचा चहा शेणाच्या गॅसवर, जेवण सिलिंडरवर.' खरं तेवढंच. पण हे वाचून पाहुण्याचा विश्वास वाढतो की हिरमोड होतो?

'सेंद्रिय' शब्दाचंही तसंच. पीजीएस गटात (शेतकरीच एकमेकांची शेती तपासून ती सेंद्रिय असल्याची हमी देतात, तो गट) रूपांतराचा काळ, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे जाण्याची वर्षं, चालू असेल तर फलकावर 'रसायनं बंद केल्याचं दुसरं वर्ष' असं लिहिणं बरं की तो विषय तोंडीच सांगावा?

खरी अडचण पाण्याची. शॉवर मिनिटाला ८-१० लिटर घेतो, बादली १५-२० लिटरमध्ये भागते. 'पाणी वाचवा' कोणी वाचत नाही. न्हाणीघरात शेततळ्याची पातळी खडूने लिहायचा विचार आहे. एप्रिल-मेमध्ये हा आकडा पाहून पाहुणे बुकिंग रद्द करतील का? की बुकिंगच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरच सांगून टाकावं?

कोकणात, नाशिककडे, बारामतीकडे कोणी असं केलं असेल तर पाटीचा मजकूर आणि फोटो जरूर टाका.