टक्सेडोच हवा असं नाही

‘क्वीन मेरी २’ या प्रवासी जहाजावर टक्सेडो, म्हणजे बो-टायसोबत घालायचा काळा औपचारिक सूट, नसेल तर रात्री जेवायला बसू देत नाहीत, हे वाचून राहवलं नाही. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क ७ रात्रींच्या प्रवासात गाला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या, संध्याकाळी साधारण दोनच. त्यांनाही गडद सूट-टाय चालतो, आपला राष्ट्रीय पोशाखही चालतो. बंदगळा न्या, साडी न्या. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या गाला रात्री आईने काळी चंद्रकळा नेसली होती. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी विचारून पदर हातात घेतला, जरीवरून बोट फिरवत बराच वेळ पाहत राहिल्या. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी किंग्ज कोर्टचा बुफे आहेच. जुन्या बोटींवर तर पहिल्या रात्री कुणीच नटत नसे, कारण ट्रंका उघडलेल्याच नसत. मला ही रीत फार आवडते.