स्वस्तातला एसएमपीएस: तुमचा कसा निघाला?

कळफलक:

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला टेबलाखालून 'फट्' असा आवाज आला, स्क्रीन काळी पडली आणि जळका वास खोलीभर पसरला. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, गेला. कॅबिनेटबरोबरच आलेला होता, वर ठळक अक्षरांत '५०० वॉट'. दुरुस्तीवाल्याने तो काढून माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "वजन बघा." रिकाम्या डब्याइतकं होतं. मदरबोर्ड वाचला हे नशीब.

आता नवा घ्यायचाय. निम्म्या किमतीतले पुष्कळ दिसतात. एक मित्र म्हणतो, घे, काही फरक पडत नाही. दुसरा असा चेहरा करतो की जणू मी घरात सुतळी बॉम्ब साठवणार आहे. तर ज्यांनी स्वस्तातला वापरलाय त्यांनी लिहा. चांगला निघाला असेल तर तेही लिहा, नुसती रडगाणी नकोत. मशीन कोणतं होतं, किती वर्षं चाललं, आणि गेला असेल तर जाताना काय काय घेऊन गेला.

फ्यूज:

मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझ्याकडे मेलेलेच येतात हे आधी सांगतो. व्यवस्थित चालणारा एसएमपीएस कुणी कौतुकाने दाखवायला आणत नाही.

झाकण काढलं की माझी पहिली नजर मेनची वायर बोर्डाला मिळते तिथे जाते. तिथे विजेतला गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरच्या कॉइल आणि दोन-चार कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) हवेत. स्वस्तातल्यात त्यांची जागा बोर्डावर छापलेली असते, भोकं पाडलेली असतात, नावंसुद्धा असतात. वस्तू तेवढी नसते. कॉइलच्या जागी तारेचा तुकडा टाकून डाग दिलेला. म्हणजे आराखडा करणाऱ्याला सगळं ठाऊक होतं, नंतर कुणीतरी बसून एकेक गोष्ट उचलत गेलं. उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक म्हणाल तर नुसती पत्र्याची पट्टी. १०५ अंश सोसणारे कपॅसिटर हवेत तिथे ८५ चे. दहा अंशांनी तापमान वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आत पंखा कसला असतो ते तुम्हाला माहीत आहेच.

लेबलवरचे मोठे वॉट वाचू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. परवा एक '४५०' आला होता, त्यावर १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टवर पसरलेले, जे आजचं मशीन फारसं मागतच नाही. पूर्वी प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या लाइनवरून घ्यायचे, तेव्हा ती वाटणी बरोबर होती. २००० साली पेंटियम ४ च्या वेळी १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला आणि मुख्य भार तिकडे सरकला. स्वस्तातल्या कित्येकांचा आराखडा मात्र अजून अलीकडे आलेलाच नाही.

हे वाचून कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो, आणि प्लग काढला म्हणजे तो लगेच रिकामा होतोच असं नाही.

रिकामी_चौकट:

मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझा अकरा वर्षं चाललाय, आणि तो दुकानातला सगळ्यात स्वस्त होता. मशीनवर हिशेब आणि टायपिंग, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एक हार्ड डिस्क. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर मोजलं होतं, सगळं एकदम चालू केलं तरी ७० वॉटच्या वर काटा गेला नाही. लेबलवर ४०० लिहिलंय. खरे २०० असले तरी माझं काय बिघडलं? सातव्या वर्षी पंखा घरघरायला लागला, तेव्हा शिवणयंत्राचं दोन थेंब तेल सोडलं. हो फ्यूज, त्यासाठी उघडला. रागावू नका.

फ्यूज:

रागावलो. पण तुमच्या मशीनला तो पुरतोय हे खरंच आहे. शंका एकाच गोष्टीची: मरताना तो एकटा मरेल का?

समांतर:

माझं मशीन फक्त गेम खेळताना बंद पडायचं. इतर वेळी दिवसभर काही नाही. पहिला संशय रॅमवर, रॅम बदलली. मग विंडोज तीनदा नव्याने टाकलं. मग ग्राफिक्स कार्ड भावाच्या मशीनमध्ये लावलं, तिथे दोन दिवस मजेत चाललं. तरी डोक्यात एसएमपीएस आला नाही, कारण 'पंखा फिरतोय म्हणजे तो ठीक आहे' असं मी धरून चाललो होतो. हिरवी वायर काळीला जोडून क्लिपने तपासायची युक्तीही केली होती. पंखा फिरला, मी खूश. त्या तपासणीत भार शून्य असतो हे नंतर कळलं.

शेवटी मोकळ्या मोलेक्सच्या (जुन्या चार पिनांच्या प्लगच्या) पिवळ्या-काळ्या वायरवर मल्टिमीटर धरून गेम सुरू केला. मेन्यूत १२.०, खेळ सुरू झाल्यावर ११.७, मोठी लढाई आली तसं ११.२ आणि अंधार. पाच टक्क्यांची सूट धरली तरी ११.४ च्या खाली जायला नको. कार्ड ८ पिनांतून १५० वॉट आणि स्लॉटमधून ७५ पर्यंत ओढू शकतं. ही बेरीज मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. त्यात तो ८ पिनही दोन मोलेक्स जोडून केलेला. काढला तेव्हा एका पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. चार महिने गेले माझे.

निजेला_आलो:

माझा जाताना मदरबोर्ड आणि दोन्ही डिस्क घेऊन गेला. मशीन बंदच होतं, मेनचं बटण तेवढं चालू. संगणक 'बंद' असतो तेव्हाही ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन मदरबोर्डला वीज देत असते, आणि जुन्या स्वस्त सर्किटात तिथला एक छोटा कपॅसिटर वाळला की व्होल्टेज वर चढतं, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. रोखायला आत काही नव्हतं. सकाळी बटण दाबलं, पंखे एकदा हलले आणि थांबले. दुसरी डिस्क बॅकअपची होती. त्याच कॅबिनेटमध्ये लावलेली. त्यावर काही बोलू नका, घरात सगळे बोलून झालेत.

तिरकस_तार:

स्वस्तातल्यांना झोडपून झालं असेल तर माझं ऐका. मी महागडा, गोल्डवाला, वायरी सुट्या होणारा घेतला होता. तो बदलून दुसरा तितकाच महाग आणला. जुन्या वायरी कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या होत्या, त्या उपसायचा कंटाळा. प्लग तर नव्यालाही बरोब्बर बसले. डिस्कच्या बाजूची पिनांची रचना ठरलेली असते, एसएमपीएसच्या बाजूची प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने करते, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत निराळी. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले. एसएसडी डिस्क आवाजसुद्धा न करता मेली.

शिवाय ते गोल्ड-ब्राँझ म्हणजे ओढलेल्यातली वीज किती कामी येते त्याचं माप. ब्राँझ निम्म्या भारावर ८५ टक्के, गोल्ड ९० टक्के, ११५ व्होल्टवर मोजलेले. आतला माल कसा आहे याचा तो दाखला नाही. पण सुमार मालातून ९० टक्के निघणं अवघड, म्हणून अंदाज येतो, इतकंच.

ओसरी:

आमच्या कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी असताना हात लावला की झिणझिण्या येतात. नवरा म्हणतो स्वस्तातला आणलास म्हणून. बदलू का?

फ्यूज:

ताई, आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग तुटकं असेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो, पण हाताला कळतो. गंमत अशी की वर मी ज्याला शिव्या दिल्या, त्या फिल्टर नसलेल्या एसएमपीएसमध्ये हे होत नाही. तुमच्यात निदान ते कपॅसिटर आहेत. अर्थिंग नीट असूनही झिणझिण्या आल्या तर मात्र प्लग काढून लगेच कुणाला तरी दाखवा.

ओसरी:

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. सॉकेटच्या मागे अर्थिंगची हिरवी वायर नुसतीच लोंबत होती. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला आहे.

जाता_येता:

छोटंसं. यूपीएस असूनही वीज गेली की मशीन रीस्टार्ट व्हायचं. यूपीएसची बॅटरी बदलली, मग यूपीएसच बदलला. बॅटरीवर जायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस पोटातल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, माझ्याच्या पोटात फारसं काही नव्हतं. एसएमपीएस बदलल्यावर जुना यूपीएस परत लावला. चालतोय.

कळफलक:

सगळ्यांचे आभार. काल दुकानात जाऊन डबे उलटे करून १२ व्होल्टचा रकाना वाचत बसलो. '५५०' लिहिलेल्या एकावर १८ अँपिअर होते, शेजारच्या '४५०' वर ३६. दुकानदार म्हणाला, "साहेब, वॉट कमी आहेत त्यात." मी ४५० चा घेतला. मधला, ना सगळ्यात स्वस्त ना महाग.

एक राहिलंच. माझ्याबरोबर त्याच दिवशी, तसाच कॅबिनेट बाबांसाठीही घेतला होता. त्यांचं मशीन अजून चालू आहे, त्यावर ते रोज सकाळी बुद्धिबळ खेळतात. काल सांगितलं, तुमचाही बदलू या. म्हणाले, "तुझा गेला म्हणून माझा का काढतोस?" मी सध्या एवढंच केलंय, त्यांची बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवली आहे आणि रात्री मेनचं बटण मीच बंद करतो.