‘नियामक वाळूपेटीतील लोकसहभाग’ : हे मराठी बरोबर आहे का?

धरमपेठकर
एका नागरिक गटासाठी छोटी पुस्तिका मराठीत करतोय. विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रेग्युलेटरी सँडबॉक्समध्ये सामान्य माणसाला कुणी काही विचारतं का. कंपनीने नवी प्रणाली बाजारात आणण्याआधी नियामकाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीत चालवून पाहायची, अशी ही सोय. मी मथळा दिला ‘नियामक वाळूपेटीतील लोकसहभाग’. अक्षरजुळणीवाल्याचा फोन आला, “सर, हे रेतीघाटाच्या लिलावाचं आहे का?” काय करावं?

वाचस्पती
अक्षरजुळणीवाल्याचे आभार माना. ‘वाळूपेटी’ हे भाषांतर नाही, नक्कल आहे. ‘नियमनाधीन प्रयोगक्षेत्र’ म्हणा. कोशकार डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून हजारो पारिभाषिक शब्द घडवले, आपल्याला एक जमू नये?

बर्डीवाला
त्या हजारांतले तुम्ही पानठेल्यावर किती वापरता ते सांगा आधी. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये फिनटेकसाठी, म्हणजे पैशाच्या व्यवहारातल्या नव्या तंत्रज्ञानासाठी, सँडबॉक्सची चौकट आणली तेव्हापासून बँकेतली पोरं सँडबॉक्सच म्हणून राहिली ना बाप्पा. चालू शब्दाचं बारसं काहून करता?

महालातली
‘तालीम’ कसा वाटतो? कुस्तीची म्हणा, नाटकाची म्हणा. खऱ्या खेळाआधीची तयारी, वस्ताद बाजूला उभा.

वाचस्पती
तालीम अरबीतून आलेला. शिवाय तालमीत चुकलं तर कुणाचं नुकसान होत नाही, इथे खरे ग्राहक असतात.

महालातली
तालमीत हात मोडलेला माणूस तुम्ही पाहिलेला दिसत नाही. आणि अरबी चालत नसेल तर तुमच्या वाक्यातला ‘नुकसान’ही काढा.

जुना पेशकार
पेटीवरून भांडताय, पण खरी अडचण ‘लोकसहभाग’ची आहे. माझी नोकरी महसुलात गेली. आमच्या फायलीत ‘लोकसहभागातून’ लिहिलं की अर्थ एकच : पदरचं घालणे. पाणीयोजनेत १० टक्के लोकवर्गणी, तलावातला गाळ काढायला गावाचे ट्रॅक्टर, श्रमदान. मत विचारायचं असेल तर शब्द वेगळे. जाहिरातीत ‘हरकती व सूचना’, मांडव टाकून माइक लावला की ‘जनसुनावणी’. कोराडीच्या वीज केंद्राच्या विस्तारासाठी २०२३ मध्ये झाली ती जनसुनावणी. तिला लोकसहभाग म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तुमचा मथळा वाचून खेड्यातला माणूस विचारेल, कंपनीच्या चाचणीला वर्गणी किती द्यायची?

धरमपेठकर
पेशकार साहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण ‘जनसुनावणी’ही बसत नाही, कारण तशी सुनावणी या कायद्यात नाहीच. युरोपीय संघाचा २०२४ चा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा घ्या. कलम ५७ प्रमाणे प्रत्येक सदस्य देशाने निदान एक सँडबॉक्स उभारायचा, मूळ मजकुरात मुदत २ ऑगस्ट २०२६. आत गेलेल्या कंपनीने ठरलेला आराखडा आणि नियामकाचं मार्गदर्शन प्रामाणिकपणे पाळलं तर या कायद्याखालचा दंड होत नाही. तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर जबाबदारी मात्र राहते. शेवटी नियामक अहवाल देतो. तो लोकांसमोर कधी येणार? कंपनी आणि नियामक दोघंही हो म्हणाले तर. सँडबॉक्सबाहेर प्रत्यक्ष परिस्थितीत चाचणी घ्यायची तर ज्याच्यावर घ्यायची त्याची संमती लागते, कलम ६० आणि ६१. म्हणजे सही घेतात, मत घेत नाहीत. याला मराठीत काय म्हणू?

बर्डीवाला
गिनतीत धरणे, पण विचारात न घेणे. आपल्या शहर बसवर २०२१ पासून आय-रास्ते प्रकल्पात कॅमेरे लागले होते, पुढचा रस्ता पाहून ड्रायव्हरला सावध करणारे. मी सीताबर्डीला रस्ता ओलांडला तर मी पण त्या कॅमेऱ्यात आलो. आता मी सहभागी की काय?

वाचस्पती
तो रस्ता सुरक्षेचा प्रकल्प होता, सँडबॉक्स नव्हे. आणि तुम्ही सहभागी नव्हे, ‘प्रयोगाधीन व्यक्ती’.

महालातली
प्रयोगाधीन! उंदीर वाटतोय बिचारा. पण प्रश्न खरा आहे. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला ‘ग्राहक’ म्हणता येत नाही, त्याने काही विकत घेतलेलं नसतं. पुस्तिकेत ‘बाधित’ शब्द घ्या. धरणग्रस्तांमुळे आपल्या कानाला सवयीचा आहे, आणि बाधिताला बोलायचा हक्क असतो हेही लोकांना माहीत आहे.

वाचस्पती
चाचणी पूर्ण होण्याआधीच बाधित? म्हणजे नुकसान गृहीत धरलं तुम्ही. पक्षपाती शब्द.

महालातली
आणि ‘सहभागी’ पक्षपाती नाही?

कोथरूड
मध्येच विचारतो, ‘रेतीघाट’ कशाला? शुद्ध मराठी ‘वाळू’. रेती हिंदी.

बर्डीवाला
आले! कन्हानच्या काठावर जाऊन वाळू मागा, लोक पापड दाखवतील.

जुना पेशकार
कागदावर वाळू, तोंडी रेती. मीच जाहिरातीत वाळू लिहायचो आणि ट्रक अडवला की “रेतीची रॉयल्टी पावती दाखव” म्हणायचो.

वाचस्पती
हा मध्य प्रांताचा परिणाम. १९५६ पर्यंत नागपूर हिंदीबरोबर एका राज्यात, तेही राजधानी म्हणून.

महालातली
परिणाम कसला, आमचा शब्द आहे. लहानपणी शेजारी बांधकाम निघालं की दारात रेतीचा ढीग पडायचा आणि गल्लीभरची पोरं त्यात पाय खुपसून खोपे करायची. पेटी कोणी पाहिली होती? ढिगाला झाकणही नसतं आणि आत कोण खेळणार हे घरमालक ठरवत नाही. म्हणून ‘पेटी’च नको, धरमपेठकर.

बर्डीवाला
घरमालक हाकलायचाच ना पण. ट्रकभर रेतीचे पैसे त्याने मोजले असतात.

धरमपेठकर
पुस्तिका शुक्रवारी छापायला जाते. ‘सँडबॉक्स’ तसाच ठेवतो. पुढे ‘लोकांचं म्हणणं’ लिहू का?

जुना पेशकार
लिहा की. बर्डीवाले, ट्रकभर म्हणजे काही माप नाही. रेती ब्रासने मोजतात, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट.

कोथरूड
‘ब्रास’ मात्र आमच्याकडेही तेच. हा शब्द आला कुठून?

वाचस्पती
मला पोर्तुगीज वाटतो. ‘ब्रासा’ म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी.

बर्डीवाला
लांबीचा शब्द घनफुटात कसा शिरला पण?