गायरानाला कुंपण घालणारे ‘गाव ओस पाडणारे’ कसे झाले?

मुक्ता: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडबद्दल वाचतेय. सामाईक जमिनीला कुंपण घालणारा तो ‘एन्क्लोजर’ (देवनागरीत कर्ता आणि क्रिया सारखीच दिसतात, काय करणार!). पण त्याच जमीनदारांना कुठे कुठे ‘डीपॉप्युलेटर’ म्हटलंय, म्हणजे गाव ओस पाडणारा. कुंपणाने गाव कसं काय ओस पडेल?

जुना मोजणीदार: ताई, नुसतं कुंपण घालण्याला कोणी फार नावं ठेवत नसे. शेतकरी आपसात पट्ट्यांची अदलाबदल करून बांध घालत, तेही एन्क्लोजरच. ओरड होती ती नांगरट मोडून मेंढ्या सोडण्याची. नांगराला सगळं गाव लागतं, मेंढ्यांना एक मेंढपाळ आणि कुत्रा पुरतो. मग कुळांना हुसकायचं, घरं पाडायची. म्हणून 1489 च्या कायद्याने वीस एकर किंवा जास्त जमीन असलेली शेतकऱ्याची घरं राखायला सांगितलं. 1517 साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री वूल्झी याने चौकशी लावली, तीत घरं किती पाडली आणि नांगर किती थांबले याची नोंद झाली. बघा, मोजलं काय ते! ‘डीपॉप्युलेटर’ हा आरोप होता. 1630 च्या दशकात पहिल्या चार्ल्स राजाने या आरोपाखाली दंड वसूल केले. गावांपेक्षा त्याला रिकाम्या खजिन्याचीच काळजी जास्त असावी, असं माझं मत.

बांधावरचा: मग रॉबर्ट केट या कुंपणवाल्या जमीनमालकाला कुठे बसवायचं? 1549, नॉरफोक. कुंपणं मोडत लोक त्याच्या जमिनीवर आले, तर गड्याने स्वतःचीच कुंपणं मोडायला लावली आणि बंडाचा पुढारी झाला. डिसेंबरात नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी.

मुक्ता: आणि कुंपण मोडणाऱ्यांना?

जुना मोजणीदार: ‘लेव्हलर’, सपाट करणारे. 1607 च्या मिडलँड्सच्या उठावात हे नाव चालत होतं. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या न्यूटन गावी ट्रेशॅम घराण्याच्या कुंपणांवर चालून गेलेल्यांपैकी चाळीसहून जास्त लोक मारले गेले. राजकीय लेव्हलर, म्हणजे समान हक्क मागणारा गट, आले ते 1640 च्या दशकात.

अठराव्या शतकात पार्लमेंटच एकामागून एक कायदे करून गायरानं वाटायला लागली. त्या कामाला नेमलेला माणूस ‘कमिशनर’. त्याच्यामागे गंटरची, म्हणजे जमीन मोजायची, 66 फुटी साखळी ओढत आमच्याच धंद्यातले लोक.