'का' लिहिलं तरच उपयोग

मन आनंदी राहावं म्हणून दिला जाणारा 'रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा' हा सल्ला म्हणजे कामगारांच्या त्रासावर पांघरूण, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, पण त्या का घडल्या तेही लिहिलं. त्यांच्या आनंदात पडलेला फरक सहा महिन्यांनंतरही दिसला. आपल्याकडे नेमकं ते 'का' गळतं.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या काजू कारखान्यात सुट्टी व्हायच्या आधी आम्ही बायका हे तोंडीच सांगतो. एकदा बी फोडणारी एक जण म्हणाली, "आज काजूच्या टरफलातल्या चिकानं बोटं भाजली नाहीत, कारण काकीनं आपल्या डब्यातलं खोबरेल दिलं." मुकादम तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मशीनपाशी तेलाची वाटी आली, ती आजही कारखान्याकडूनच भरली जाते.