ओपीडीत तोंडातले चट्टे-व्रण किती जणांना? आकडा धरायचा कसा?

प्रश्न:
दातांसाठी आलेल्यांपैकी किती जणांच्या तोंडात चट्टे, व्रण किंवा गाठी आढळतात, याची ३ महिने नोंद ठेवायची आहे. जुन्या पेपरांतले आकडे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. असं का? आणि तपासणी कशी ठेवू?

उत्तर १:
बरेचदा फरक व्याख्येचा असतो. गालातले पिवळसर फोर्डाइस दाणे, दातांच्या रेषेवरची पांढरी घडी, गाल ताणला की नाहीसा होणारा पांढुरका ल्युकोएडिमा, हे निरोगी तोंडातही दिसतं; हे सगळं ‘लीजन’ (रोगाचा चट्टा किंवा व्रण) धरलं की आकडा फुगतो. त्यांना वेगळा रकाना द्या. रुग्ण मोजताय की चट्टे, तेही आधी ठरवा; एकाच माणसाच्या गालाच्या आत ल्युकोप्लाकिया (कॅन्सरमध्ये बदलू शकणारा पांढरा चट्टा) आणि कवळीखाली लाल टाळू असू शकतो. फक्त नवे केसपेपर धरा, नाहीतर रूट कॅनालला ४ वेळा आलेला माणूस ४ वेळा मोजला जाईल.

उत्तर २:
आरसा आधी दुखऱ्या दाढेकडे जातो आणि बाकीचं तोंड राहून जातं. क्रम बांधून घ्या: कवळी काढायला लावा, मग ओठ, गाल, हिरड्या, जीभ, जिभेखालचा भाग, टाळू. जिभेचं टोक गॉजमध्ये (जाळीदार सुती कापडात) धरून एकेका बाजूला ओढा, मागची कड दाढांपर्यंत दिसली पाहिजे. कॅन्सर तिथे आणि जिभेखाली लपतो. पांढरा चट्टा गॉजने पुसून बघा. निघाला आणि खाली लाल दिसलं तर बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग; ल्युकोप्लाकिया पुसून निघत नाही. तोंड किती उघडतं ते वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये व्हर्नियर मापपट्टीने मोजा. ३५ मिमीपेक्षा कमी आणि गालात पांढुरके ताठ पट्टे हाताला लागले तर बहुधा सबम्युकस फायब्रोसिस (सुपारी-गुटख्याने तोंडाचं अस्तर ताठ होण्याचा आजार).

उत्तर ३:
सवयीचा प्रश्न नीट विचारा, कळकळीने सांगते. “तंबाखू खाता का?” म्हटलं की मिश्री लावणारी बाई खरेपणानेच “नाही” म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं असतं. मिश्री, खर्रा, गुटखा, नुसती सुपारी, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. किती वर्षं, दिवसातून किती वेळा, कुठल्या गालात धरता, हेही लिहा. चट्टा बहुतेकदा त्याच जागी सापडतो.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. टोकदार दाढेमुळे झालेला व्रण कुठे धरू?

उत्तर २:
तात्पुरता ‘ट्रॉमॅटिक’ (इजेमुळे झालेला) लिहा, टोक घासा आणि २ आठवड्यांनी बोलवा. व्रण भरला नसेल तर बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं). व्रणाची कड आणि लगतचं निरोगी अस्तर मिळून तुकडा घ्या, मधला सडका भाग नको. तो लगेच १०% फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) टाका; द्रावण तुकड्याच्या १० पट हवं. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा खराब होतो. रुग्णाचा फोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. दुखणं थांबलं की माणूस परत येत नाही.