एकाच नावाच्या दोन माणसांना एकमेकांचं कोण म्हणायचं?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. आमच्या वाड्यावरच्या छोट्या वाचनालयात दर महिन्याला मुलांसाठी एक तक्ता लावतो आम्ही, कधी पक्ष्यांचा, कधी नद्यांचा, ह्या खेपेला मी ठरवलं की नाव एकच पण कामं अगदी वेगवेगळी अशी मोठी माणसं घ्यायची. सुरवात तर सोपी झाली, दीनानाथ. एक मास्टर दीनानाथ मंगेशकर, आमच्या जवळच्याच मंगेशीचे, जन्म १९००, अठराव्या वर्षी बळवंत संगीत मंडळी काढली. दुसरे दीनानाथ दलाल, मडगावचे, जन्म १९१६, चित्रकार, 'दीपावली' अंक काढणारे, त्यांची मुखपृष्ठं ज्यांनी पाहिलीयत त्यांना वेगळं सांगायला नको. एकाचा गळा, दुसऱ्याचा कुंचला, दोघेही गोंयकार. इथवर मजेत चाललं होतं, मग वर मथळा लिहायला घेतला आणि अडले ती अडलेच.

काय लिहू? 'दीनानाथ दलाल हे दीनानाथ मंगेशकरांचे अमुक होते', ह्यात अमुकच्या जागी कुठला शब्द? नामसाधर्म्य हा शब्द आहे पण तो माणसाला लावता येत नाही ना, तो त्या दोघांमधल्या गोष्टीला लागतो. हिंदीवाले हमनाम म्हणून मोकळे होतात. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या 'त्यांच्याच नावाचे' असं लिही की, त्यात काय एवढं. लिहिता येईल, पण एक शब्द असायला हवा असं मनापासून वाटतंय, कुणाला ठाऊक असेल तर सांगा, तक्ता रविवारी लावायचाय.

मडगावहून

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी ३० वर्षं मराठी शिकवली आणि मुलं 'तो माझा नामसाधर्म्य आहे' असं लिहायची, दरवेळी लाल शाईने खोडायचो. सधर्म म्हणजे सारखे गुण असलेला, त्याचं भाववाचक साधर्म्य, जसं सुंदरचं सौंदर्य. म्हणजे 'नामसाधर्म्यामुळे घोटाळा झाला' हे ठीक, पण माणसाला नामसाधर्म्य म्हणणं म्हणजे सुंदर बाईला 'ही सौंदर्य आहे' म्हणण्यासारखं. नामसाम्य शब्दाचंही तेच.

संस्कृतात सनामन् असा शब्द आहे, अर्थ नेमका तुम्हाला हवा तोच, त्याच नावाचा. मराठीत आणला तर सनाम. सगोत्र, सजातीय हे आपण वापरतोच, त्याच मापाचा आहे. पण वापरात कुणाच्या नाही हे कबूल करायला हवं. वापरातला म्हणाल तर आडनावबंधू. पेपरात, भाषणात, लग्नाच्या पंगतीत सर्रास चालतो. मग त्यावरून नावबंधू किंवा नामबंधू का नको? मी स्वतः नामबंधू म्हणतो, कानाला बरा लागतो.

एक मात्र सांगतो, आपल्या गोव्यात आडनावबंधू हा शब्द जरा जपून वापरायला हवा, कारण आपली निम्मी आडनावं गावाची आहेत, त्यात भाऊबंदांचं नातं असेलच असं नाही. केरकर म्हणजे केरीचा, बरोबर? पण केरी कुठली? एक तुमच्या फोंडा तालुक्यात, एक सत्तरीत, एक पेडण्यात तेरेखोलच्या तोंडावर. १९७७ साली व्हॉयेजर यानातून ज्यांचा आवाज अंतराळात पाठवला त्या केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या, आणि म्हादई नदीसाठी इतकी वर्षं झटणारे राजेंद्र केरकर सत्तरीच्या केरीचे. आडनाव एक आणि गाव वेगळे, म्हणजे इथे माणसांआधी गावंच एकमेकांची नामबंधू आहेत. तीच गोष्ट ख्रिस्ती आडनावांची, फर्नांडिस म्हणजे मुळात फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्स म्हणजे रॉड्रिगोचा, पण ती इथे आली बाप्तिस्म्याबरोबर, त्यामुळे दोन फर्नांडिस घरांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही.

म्हापशाहून

सर, नामबंधूला माझं मत, मी तर रोज वापरतो कारण माझ्या वर्गात माझ्यासकट चार जण एकाच नावाचे होतो. ताई तुमच्या लिस्टमध्ये मनोहर टाकाच. आमच्या म्हापशाचे मनोहर पर्रीकर, आयआयटीतून निघून मुख्यमंत्री झालेले आणि पुढे संरक्षणमंत्री, शेजारच्या महाराष्ट्रात मनोहर जोशी १९९५ ते ९९ मुख्यमंत्री आणि नंतर लोकसभेचे सभापती, आणि तिसरे मनोहरराय सरदेसाय, कोंकणी कवी, पॅरिसला सोरबोनमध्ये डॉक्टरेट केलेले. आता मोपाच्या विमानतळाला पण मनोहर नाव आहे, म्हणजे आमच्याकडे कुणी नुसतं 'मनोहरला चाललोय' म्हणालं तर विमान पकडायला चाललाय असं समजायचं.

पण माझा एक प्रश्न आहे, तो शब्दाचाच आहे. फ्रान्सिस आणि फ्रान्सिस्कु हे नामबंधू धरायचे का? म्हणजे बघा, फ्रान्सिस न्यूटन सोझा, साळगावचे, १९२४ चा जन्म, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपवाले जगप्रसिद्ध चित्रकार, लहानपणी देवी आल्या त्यातून वाचले म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नवसाने फ्रान्सिस नाव दिलं. फ्रान्सिस डिसोझा, आमच्या म्हापशाचे आमदार, उपमुख्यमंत्री होते, २०१९ ला गेले. हे दोघे तर जवळजवळ पूर्ण नावानेच एक झाले. पण नावेलीचे फ्रान्सिस्कु लुईस गोमिश, १८२९ चा जन्म, डॉक्टर, अर्थशास्त्राचे अभ्यासक, कादंबरीकार आणि पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी, त्यांचं नाव त्याच संताचं पण पोर्तुगीज रूपात. आणि तो संतही जन्माने फ्रान्सिस्कुच. मला तर एकच नाव वाटतं, घरचे कपडे आणि बाहेरचे कपडे इतकाच फरक.

फोंड्याहून, पुन्हा मीच

सर, भाऊ, दोघांचे आभार. फ्रान्सिस आणि फ्रान्सिस्कु मी एकाच रकान्यात घेतेय, एकाच संतावरून आलेलं नाव आहे तर वेगळं कसं म्हणणार.

तुमचं वाचून झाल्यावर मी दामोदरावर बसले आणि सगळी दुपार त्यातच गेली. आमच्या घरात हे नाव आहे म्हणून जास्त जिव्हाळा. आजेसासरे दामोदर, दिराचा मुलगा दामोदर. सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव जन्मात कधी तोंडातून काढलं नाही, त्यामुळे नातू जन्मला, बारशाला नाव तेच ठेवलं आणि हाक मात्र बाबू, कारण पणजोबांच्या नावाने त्याला ओरडायचं कसं? आपल्याकडे घराघरात दोन नावं का असतात त्याचं हे एक कारण आहेच. आणि शब्द बघा ना कसे आहेत, नाव ठेवणं वेगळं, नावं ठेवणं वेगळं, आजोबांचं नाव लावणं, चालवणं, काढणं, प्रत्येकात नाव तेच पण क्रियापदाने अर्थ कुठल्या कुठे जातो.

तर दामोदर. कोसंबी बापलेक डोळ्यांपुढे आले. वडील धर्मानंद दामोदर कोसंबी, जन्म १८७६, साखवाळचे, घरदार सोडून पाली शिकायला नेपाळ, लंका, ब्रह्मदेश पालथे घातलेले, बौद्ध धर्मावर मराठीत लिहिणारे. मुलगा दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबें गावी, गणिती आणि इतिहासकार, जुनी नाणी वजन करून करून त्यावरून इतिहास मांडणारा. आजोबांचं नाव नातवाला, ही आपलीच रीत. पण गंमत कुठे झाली, दोघांची आद्याक्षरं एकच, ध. दा. आणि दा. ध. मराठीत वेगळी दिसतात पण इंग्रजीत दोघेही डी. डी. कोसंबी. दोघेही हार्वर्डला जाऊन आलेले, वडील १९१० च्या सुमाराला एका पाली ग्रंथाच्या कामासाठी, मुलगा तिथे शिकायला, १९२९ चा पदवीधर. आमच्या वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये वडिलांचं पुस्तक मुलाच्या नावावर चढलं होतं, मीच परवा दुरुस्त केलं. पणजीला कला अकादमीत डी. डी. कोसंबी विचार महोत्सव होतो तोही मुलाच्या नावाचा, वडिलांच्या नाही, हे मी तक्त्यावर ठळक लिहिणार आहे.

तिसरे दामोदर मावजो, माजोर्ड्याचे, कोंकणी कथाकार, ज्ञानपीठ मिळालेले. दक्षिण गोव्यात हे नाव इतकं का, तर जांबावलीचा देव दामोदर. मूळचा मडगावचा, पोर्तुगीज काळात कुशावतीकाठी जांबावलीला हलवलेला. आता शब्द सोडवून बघा, दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट, यशोदेने उखळाला बांधलं तो कृष्ण, तो दामोदर. आणि जांबावलीला दामोदर म्हणून पूजा होते ती शंकराची! म्हणजे इथे कृष्ण आणि शंकर एका नावाचे झाले, आणि भक्तांना त्यात कधी काही अडचण वाटली नाही. मला हे फार आवडलं.

अडचण येते ती कागदांत. आमच्या ह्या आजेसासऱ्यांच्या नावाचे आणि आडनावाचे दुसरे एक गृहस्थ शेजारच्या गावात होते, एका ऑफिसने पेन्शनचा कागद वर्षभर त्यांच्याकडे पाठवला आणि इकडे घरात ओढाताण. बिचाऱ्यांनी शेवटी स्वतः चालत येऊन आणून दिला, तेव्हापासून दोन्ही घरांत येणंजाणं आहे. त्यांना सगळे नावाचे पाहुणे म्हणायचे. हा शब्द मला आत्ता लिहिताना आठवला बघा.

डिचोलीहून

'नावाचे पाहुणे' झकास आहे, पण तो तुमच्या घरचा शब्द, तक्त्यावर समजणार नाही कुणाला.

मी लक्ष्मीकांत सुचवतो. लक्ष्मीकांत पार्सेकर, हरमलचे, २०१४ ते १७ मुख्यमंत्री. लक्ष्मीकांत भेंब्रे, स्वातंत्र्यसैनिक, सालाझारच्या सरकारने पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन ठेवले. लक्ष्मीकांत बेर्डे तर सगळ्यांचे लाडके, २००४ ला अकाली गेले. आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर, १९३७ च्या लक्ष्मीपूजनाचा जन्म म्हणतात, नाव त्यावरूनच. आणि इथून पुढे ऐका ताई, ह्या जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं ते अँथनी गोन्साल्विस ह्यांनी, ते गोव्याचे, तुमच्या मावजोंच्याच माजोर्ड्याचे, जन्म १९२७. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला, त्यातल्या नायकाने पडद्यावर ओरडून ओरडून आपलं नाव अँथनी गोन्साल्विस सांगितलं, ते नाव प्यारेलालनी गुरूसाठी घातलेलं. आख्ख्या देशाला ते नाव पाठ झालं आणि ते खऱ्या माणसाचं आहे हे कुणाला माहीत नव्हतं. खरे अँथनी गोन्साल्विस २०१२ ला गेले, इथेच गोव्यात. हा नामबंधू कसला, हा तर मुद्दाम ठेवलेला. माझं म्हणणं, मुद्दाम ठेवलेल्याला नामबंधू म्हणू नये, आपसूक जुळलेल्यालाच म्हणावं.

आपसूक जुळण्याचं टोक हवं असेल तर पणजीतला आबे फारियाचा पुतळा, १९४५ चा, तो घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी. आणि तात्या टोपे ह्यांचं खरं नाव काय, रामचंद्र पांडुरंग टोपे. बापाच्या नावासकट जुळलं.

मडगावहून

डिचोलीकर, हा भेद मला पटला नाही. आजोबांचं नाव नातवाला मुद्दामच ठेवतात, मग दामोदर कोसंबी आपल्या आजोबांचे नामबंधू नाहीत का? शब्दाने कारण विचारू नये, नाव जुळलं की पुरे. घेतलेल्या नावांचंही तेच. जितेंद्र अभिषेकी, मंगेशीचे, मूळचे गणेश नवाथे. नट जितेंद्र मूळचे रवी कपूर. जन्माने दोघांतला एकही जितेंद्र नाही, तरी आज त्यांना नामबंधू म्हणायला कोण हरकत घेईल?

फोंड्याहून

मंडळी, तक्ता झाला, पण काल रात्री रंगवताना एक गोष्ट खटकली आणि झोप उडाली. दीनानाथ, मनोहर, फ्रान्सिस, दामोदर, लक्ष्मीकांत, रामचंद्र, जितेंद्र, सगळेच पुरुष. बायका कुठायत? आजोबांचं नाव नातवाला चालतं, आजीचं नाव नातीला ठेवायचं कुणाच्या ध्यानातही येत नसे, आणि लग्नात तर आम्हा बायकांची नावंच बदलायचे. माझं बदललं. माहेरच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, तर त्या नावाची दुसरी बाई भेटली तर ती माझी कोण लागते हे मी कुणाला विचारू?

मग शोधून हिराबाई घातल्या. हिराबाई पेडणेकर, मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककार म्हणून ज्यांचं नाव घेतात, 'संगीत दामिनी' लिहिणाऱ्या, आणि हिराबाई बडोदेकर, किराणा घराण्याच्या गायिका. शिवाय शांता शेळके कवयित्री आणि शांता आपटे नटी. ते लिहिताना लक्षात आलं की नामबंधू इथे बसतच नाही. हिराबाई ही हिराबाईंची बंधू कशी? नामभगिनी लिहून पाहिलं, फार जड झालं, तक्त्यावर मावलंही नाही.

सर, शेवटी तुमचा पहिला शब्द घेतला. 'हिराबाई पेडणेकर ह्या हिराबाई बडोदेकरांच्या सनाम.' 'दीनानाथ दलाल हे दीनानाथ मंगेशकरांचे सनाम.' दोन्हीकडे बसला. खाली बारीक अक्षरात अर्थ दिलाय, त्याच नावाचा, त्याच नावाची, आणि वर मथळा सासूबाईंच्या बोलण्यातला, 'एका नावाची माणसं'. खाली दोन रकाने रिकामे ठेवलेत, मुलींना सांगितलंय घरी जाऊन आजीचं लग्नाआधीचं नाव विचारून या.